शाळकरी वार्ताहरांना संपादक हवा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत शाळांच्या बक्षीस समारंभांची छायाचित्रे नियमाने प्रसिद्ध होतात. निबंधलेखन, काव्यलेखन, वक्तृत्व, हस्तलिखित अशा स्पर्धांतील विजेत्या मुलांच्या हातातले चषक त्यांत दिसतात. पण ज्या मजकुरासाठी तो चषक मिळाला, तो मजकूर वाचकाला कधीच वाचायला मिळत नाही. हा पत्रप्रपंच त्या मजकुराविषयी आहे. मी अठ्ठावीस वर्षे मुद्रितशोधक म्हणून काम केले. आता कळव्यात राहते आणि गेली काही वर्षे दर शनिवारी दुपारी आमच्या सोसायटीच्या वाचनालयात आठवी ते दहावीच्या मुलांचे लिखाण वाचते. लिहू पाहणाऱ्या शाळकरी मुलांना स्पर्धा पुष्कळ आहेत, मात्र त्यांचा खर्डा हातात घेऊन, समासात खुणा करून, तो पुन्हा लिहायला परत देणारे माणूस जवळजवळ नाही, असे माझे त्यावरून झालेले मत आहे.

प्रथम शाळेतल्या लेखनाविषयी. दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत आणि त्यात बातमीलेखनाचाही समावेश आहे. पत्रकारितेची ओळख शाळेतच व्हावी हा त्यामागचा हेतू चांगला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रत्यक्षात मात्र ‘शाळेत झालेल्या वृक्षारोपण समारंभाची बातमी तयार करा’ अशा धर्तीचा प्रश्न येतो आणि परीक्षागृहात बसलेले मूल न झालेल्या समारंभाला प्रमुख पाहुणे नेमते, त्यांच्या तोंडी भाषण घालते, रोपांची संख्या ठरवते आणि वर ‘आमच्या वार्ताहराकडून’ असे लिहून मोकळे होते. ठिकाण, दिनांक, मथळा आणि शेवटी आभारप्रदर्शन एवढे जागच्या जागी असले की गुण मिळतात. बातमी आधी घडावी लागते, कोणीतरी ती डोळ्यांनी पाहावी लागते, दोन माणसांना विचारून खात्री करावी लागते, हा या व्यवसायाचा पहिला धडा आहे आणि आपण मुलांना नेमका त्याच्या उलट धडा देतो आहोत. यात शिक्षकांचा दोष मला दिसत नाही. साठ-साठ मुलांचा वर्ग आणि ठरलेला अभ्यासक्रम सांभाळून मुलांना बातमीसाठी शाळेबाहेर नेणे त्यांना शक्य होत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या नववीतल्या एका मुलीने मासुंदा तलावातल्या नौकाविहारावर मजकूर लिहून आणला होता. भाषा स्वच्छ होती, ऱ्हस्व-दीर्घ बरेचसे बरोबर होते, आणि दुसऱ्याच ओळीत ‘तलावात अनेक होड्या आहेत’ असे वाक्य होते. मी ‘अनेक’ या शब्दाभोवती गोल केला आणि समासात ‘किती?’ एवढेच लिहिले. पुढच्या शनिवारी तिने होड्यांचा आकडा आणला. त्यासोबत तिकिटाचा दर आणला, पावसाळ्यात होड्यांचे काय करतात ते आणले आणि होडी वल्हवणाऱ्या एका काकांना दुपारी जेवायला कधी वेळ मिळतो तेही विचारून आणले. आधी पानभर असलेला मजकूर अडीच पाने झाला, मग आम्ही दोघींनी बसून तो पुन्हा एका पानावर आणला. त्या तीन खर्ड्यांमध्ये ती जे शिकली, ते मी तिला भाषण देऊन शिकवू शकले नसते. माझ्या नोकरीत मोठमोठ्या लेखकांच्या गॅल्या, म्हणजे तपासणीसाठी काढलेली कच्ची छापील पाने, माझ्या हाताखालून गेल्या आहेत. खुणा केलेले प्रूफ परत जाते तेव्हा लेखक स्वतःचे वाक्य परक्याच्या नजरेने पाहू लागतो, हे मी तिथे पाहिले आणि इथेही पाहते आहे.

चित्रकलेच्या बाबतीत आपल्या राज्याने ही सोय फार पूर्वीच केली आहे, हे इथे मुद्दाम नोंदवते. कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ड्रॉइंग ग्रेड परीक्षांना ठाण्यातल्या जवळजवळ प्रत्येक शाळेतली मुले बसतात. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकही आडकाठी करत नाहीत. पण गुणांपेक्षा मला मोलाचे वाटते ते हे की, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव करताना कलाशिक्षक मुलाच्या शेजारी उभे राहतात आणि चुकलेली रेषा त्याच्या देखत पेन्सिलीने दुरुस्त करून दाखवतात. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, नाट्य आणि लोककला यांनाही वाढीव गुणांची तरतूद आहे. लेखनाला अशी परीक्षा नाही आणि असे गुणही नाहीत. लेखनाला गुण द्यावेत अशी मागणी मी करणार नाही, कारण तसे झाल्यास त्याच्याही शिकवण्या निघतील आणि कविता पाठ करून लिहिल्या जातील. मला हवी आहे ती फक्त कलाशिक्षकांची ती पेन्सिल.

संधी मुळीच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारतीय टपाल खात्याची ‘ढाई आखर’ ही पत्रलेखन स्पर्धा मराठीतूनही देता येते, तिच्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचा वेगळा गट आहे आणि पत्र हातानेच लिहावे लागते. आंतरदेशीय पत्रावर ५०० शब्द आणि पाकिटातून पाठवल्यास १००० शब्द, अशी तिची मर्यादा आहे. जागतिक टपाल संघाची ९ ते १५ वयोगटासाठीची पत्रलेखन स्पर्धा १९७१ पासून चालू आहे आणि तीही आपल्याकडे टपाल खात्यामार्फतच होते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या कला उत्सवात नववी ते बारावीच्या मुलांना भाग घेता येतो आणि आता त्यात पारंपरिक गोष्ट सांगण्याचाही प्रकार आहे. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. इंग्रजीत लिहिणाऱ्या मुलांना रॉयल कॉमनवेल्थ सोसायटीची निबंध स्पर्धा खुली आहे. ती १८८३ पासून चालत आलेली असून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिच्यात विनाशुल्क भाग घेता येतो. एवढे सगळे असूनही माझ्याकडे येणाऱ्या चौदा मुलांपैकी एकाही मुलाला ‘ढाई आखर’चे नाव ठाऊक नव्हते. ऐरोली, कोपरखैरणे, नेरुळ इथल्या माझ्या नातेवाइकांच्या मुलांना विचारले, तर तिथेही तोच अनुभव आला. सूचना शाळेत येते, कार्यालयातल्या फलकावर लागते आणि मुदत संपल्यावर कधीतरी उतरवली जाते.

माहिती पोचत नसल्याने जी पोकळी राहते, ती भलत्याच लोकांनी भरून काढली आहे. मोबाइलवरच्या गटांतून रोज एका ‘राज्यस्तरीय’ काव्यस्पर्धेची घोषणा फिरत असते, भाग घेणाऱ्या प्रत्येकाला रंगीत प्रमाणपत्र मिळते आणि परीक्षक कोण होते ते कोणालाच कळत नाही. त्याहून वाईट प्रकार पैसे घेऊन काढल्या जाणाऱ्या प्रातिनिधिक संग्रहांचा आहे. माझ्याकडच्या एका मुलाच्या आईने, घरकाम करून मिळणाऱ्या पैशांतून बाजूला काढून, अशा एका संग्रहासाठी बाराशे रुपये भरले. पुस्तक आले तेव्हा त्याच्या कवितेचे शेवटचे कडवे गळलेले होते आणि त्याचे आडनाव चुकीचे छापलेले होते. त्या मुलाने नंतर दोन महिने काहीही लिहिले नाही. चूक छापखान्यात होते, हे मी माझ्या अनुभवाने सांगू शकते. पण ज्या पुस्तकाचे प्रूफच कोणी वाचलेले नाही, ते पुस्तक नव्हे, ती नुसती पैशांची वसुली आहे. पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, शुल्क मागणाऱ्या स्पर्धेपासून मुलांना दूर ठेवावे, परीक्षकांची नावे आधी विचारावीत आणि प्रवेशपत्रिकेवर सही करण्यापूर्वी ती पूर्ण वाचावी. आपल्या कायद्याप्रमाणे लिहिणारा हाच त्याच्या लेखनाचा प्रथम हक्कदार असतो आणि त्याचे वय कमी आहे म्हणून तो हक्क कमी होत नाही. ‘पाठवलेले सर्व साहित्य आयोजकांच्या मालकीचे राहील’ असे बारीक अक्षरांतले वाक्य दिसले, तर तिथेच थांबावे.

हे सारे ठाण्यात घडावे याचे मला विशेष वाईट वाटते. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले तेव्हा ते जेमतेम विशीत होते. पुढे १८६६ मध्ये ठाण्यातून ‘अरुणोदय’ निघू लागले. म्हणजे या गावाला स्वतःचे वृत्तपत्र मिळून दीडशेहून अधिक वर्षे झाली. मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना इथे १८९३ मध्ये झाली, आणि डिसेंबर २०१० मध्ये ८४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरले तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी उत्तम कांबळे, म्हणजे एक पत्रकारच होते. खाडीपलीकडे महापे आणि ऐरोलीच्या औद्योगिक पट्ट्यात मोठमोठ्या दैनिकांचे छापखाने रात्रभर चालतात. घणसोली किंवा रबाळ्याच्या शाळेतल्या मुलाच्या घरापासून ते काही किलोमीटरांवर आहेत. तरी फिरत्या रोलवरून घडी होऊन बाहेर पडणारा अंक त्याने कधी पाहिलेला नसतो आणि त्या अंकात आपलाही मजकूर असू शकतो हे त्याच्या मनातही येत नाही. आमच्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघत असे. मुखपृष्ठ चित्रकलेचा तास आवडणाऱ्या मुलांकडे, सुवाच्य अक्षराची मुले नकलून काढायला आणि मराठीच्या बाई संपादक, अशी त्याची वाटणी असे. एका वर्षी बाईंनी माझी कथा चार वेळा परत केली होती. मी पुढे मुद्रितशोधक झाले, त्याची सुरुवात त्या चार फेऱ्यांत आहे.

अमेरिकेत शाळांची वृत्तपत्रे विद्यार्थीच चालवतात. तिथल्या कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न अशी शालेय वृत्तपत्रांची एक संघटना १९२५ पासून काम करते. शाळेने आपले अंक तिच्याकडे पाठवले, तर मजकूर, मांडणी, छायाचित्रे यांचे सविस्तर लेखी परीक्षण शाळेला परत मिळते. त्यांच्यासारखी साधनसामग्री आपल्या महापालिकेच्या शाळांकडे नाही हे खरे आहे, परंतु लेखी परीक्षणाला लाल शाईचे पेन आणि आठवड्यातले दोन तास एवढेच लागते.

म्हणून आपल्याकडे माझी विनंती आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आपल्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत पंधरा दिवसांतून एकदा पाव पान आठवी ते दहावीच्या मुलांना द्यावे. त्या जागेत स्पर्धेतले निबंध नकोत, मुलांनी स्वतः पाहून आणि विचारून लिहिलेला मजकूर असावा: नळाला पाणी किती वाजता येते, शाळेच्या वाटेवरचा पदपथ कुठे तुटला आहे, गडकरी रंगायतनात पाहिलेले बालनाट्य कसे वाटले, ठाणे खाडीत रोहित पक्षी या वर्षी केव्हा दिसले. सोबतची रेखाटने, व्यंगचित्रे आणि छायाचित्रेही मुलांचीच असावीत, म्हणजे ग्रेड परीक्षेसाठी वर्षभर हात बसवलेल्या मुलांना आपले चित्र छापून आल्यावर कसे दिसते ते कळेल. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अट अशी की, आलेला प्रत्येक मजकूर, तो छापला जावो वा न जावो, खुणा करून मुलाकडे परत गेला पाहिजे. त्याच चौकटीच्या तळाशी त्या पंधरवड्यात मुदत असलेल्या शासकीय आणि विनाशुल्क स्पर्धांची चार ओळींची माहिती दिली, तर शाळेच्या फलकावर अडकून पडणारी सूचना घरोघरी पोचेल.

पुरवणीतल्या पाव पानाची जाहिरातीच्या हिशेबात किंमत काय असते याची मला कल्पना आहे. कार्यालयात पान लागताना कोणता मजकूर आधी कापला जातो हेही मी पाहिले आहे. दहावीच्या वर्षात हे नसते उद्योग कशाला, असे पालक म्हणतील. त्यांच्यासाठी आठवी-नववीची मुले घ्यावीत, दहावीचा आग्रह धरू नये. मुलांच्या नावांच्या आणि छायाचित्रांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती घ्यावी लागेल आणि एखाद्या अडचणीत सापडलेल्या मुलाची ओळख उघड होईल असे काही छापले जाणार नाही, याची दक्षता डेस्कवरच्या जाणत्या माणसानेच घ्यावी लागेल. तिथे मुलांवर विसंबून चालणार नाही.

आपल्या उपसंपादकांवर या कामाचा नवा भार पडू नये, म्हणून मी आणि माझे दोन निवृत्त सहकारी, त्यांपैकी एक वाशीत राहतात, आलेला सगळा मजकूर वाचून, खुणा करून आठ दिवसांत परत पाठवण्याची जबाबदारी विनामोबदला घ्यायला तयार आहोत. या पत्रासोबत तीन मुलांचे लेखन, त्यांच्या पालकांच्या संमतीने, पाठवत आहे. प्रत्येकाचा पहिला खर्डा वर आहे आणि त्याखाली खुणांनंतर त्याने स्वतः लिहिलेला दुसरा. आपण दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, एवढीच विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
कळवा, ठाणे