मोंटगोमेरीच्या इतिहासात त्या प्राध्यापिकेलाही जागा द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

अमेरिकेतील मोंटगोमेरी शहराच्या बस-बहिष्काराचा इतिहास आपल्याकडे बहुधा १ डिसेंबर १९५५ रोजी, बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिल्यामुळे, कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांना झालेल्या अटकेपासून सांगितला जातो आणि तेथून थेट मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे वळतो. अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन त्यात सहसा येत नाहीत, याची इतिहास शिकवणारी म्हणून मला फार खंत वाटते.

१९४९ साली, जवळजवळ रिकाम्या बसमध्ये गोऱ्यांसाठी राखलेल्या पुढच्या बाजूला बसल्या म्हणून चालकाने त्यांना दरडावून उठवले होते. पुढे विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या कृष्णवर्णीय महिलांच्या संघटनेच्या अध्यक्षा या नात्याने त्यांनी २१ मे १९५४ रोजी, म्हणजे पार्क्स यांच्या अटकेच्या दीड वर्ष आधी, महापौर गेल यांना लिहिले की बसचे तीन-चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय असून त्यांनी पाठ फिरवल्यास ही सेवा चालूच शकणार नाही. अटकेच्या रात्री एक सहकारी प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी यांच्यासह त्या कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर, सोमवारी बसने जाऊ नका असे सांगणारी हजारो पत्रके काढत राहिल्या. सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे तास घेतला आणि मग पत्रकांचे गठ्ठे शहरभर, शाळांमध्येसुद्धा, पोहोचवले. सोमवारी, ५ डिसेंबरला, कृष्णवर्णीय प्रवासी बसमध्ये जवळजवळ चढलेच नाहीत.

हे कॉलेज राज्य सरकारच्या पैशावर चालत होते आणि सरकार वंशभेदाच्या बाजूचे होते, हे विद्यार्थ्यांना कळल्याशिवाय त्या रात्रीची जोखीम त्यांच्या लक्षात येणार नाही. बहिष्कार ३८१ दिवस चालला. त्या काळात रॉबिन्सन यांच्या घराच्या खिडकीवर दगड आला, मोटारीवर आम्ल ओतले गेले. १९६० मध्ये त्यांनी ते कॉलेजही सोडले.

बालपणी वडिलांकडे निघालेल्या बाबासाहेबांना मसूर स्थानकावर जातीमुळे गाडीवान मिळेना, हा प्रसंग ठाऊक असलेल्या आपल्या मुलांना बसमधल्या त्या भेदाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणून माझी विनंती आहे की रॉबिन्सन यांचे महापौरांना लिहिलेले पत्र आणि त्या रात्रीचे पत्रक मराठीत आणून माध्यमिक शाळांच्या पूरक वाचनात घ्यावे, आणि इतिहास-शिक्षकांच्या प्रशिक्षणात या दोन्ही कागदांवर किमान एक सत्र ठेवावे.

आपली नम्र,
एक इतिहास-शिक्षिका