सांडपाणी खाडीत, टँकर दारात

ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यातील पाण्याच्या टँकरच्या रांगांवरील बातमी वाचली. नव्या बोअरवेल मारून हा प्रश्न सुटणार नाही. आधी कातळात पाणी मुरायला हवे. आमच्या सोसायटीची बोअर मार्चअखेरीस गढूळ पाणी ओकू लागते आणि त्याच आवारातल्या एसटीपीचे (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे) प्रक्रिया केलेले पाणी रोज गटाराला मिळते. (फ्लशला वापरू म्हटले, तर सभेत नाके मुरडली जातात.) कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत २००८ पासून सांडपाणी सूक्ष्मगाळणी, रिव्हर्स ऑस्मोसिस (आरओ, म्हणजे दाबाने पडद्यातून गाळणे) आणि अतिनील किरणांनी शुद्ध करून भूजलात सोडतात. एवढे लांब कशाला, बंगळुरूच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर २०१८ पासून शेजारच्या कोलार जिल्ह्याचे तलाव भरले जात आहेत, म्हणजे ते पाणी तिथे जमिनीत मुरते. महापालिकेने शुद्धीकरणाचा दर्जा वाढवून निदान एका तलावापासून सुरुवात करावी. अर्धवट शुद्ध पाणी मात्र थेट बोअरमध्ये सोडू देऊ नये.

– एक रहिवासी, कासारवडवली, ठाणे