फुटलं तर फुटू द्या : शिक्षणमंत्र्यांना एका पालकाचं खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूस पिकवणारा शेतकरी. माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत आहे आणि त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी आहे. पत्र निधीसाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे आपण पुढे वाचाल.

गेल्या जुलैत समितीच्या सभेनंतर आम्ही शाळेचं विज्ञानाचं कपाट उघडलं. सूक्ष्मदर्शक होता, अजून प्लास्टिकच्या पिशवीतच. भिंगं, लोलक, परीक्षानळ्या, सगळं कोरं. चुंबकं नुसती पडून पडून इतकी मवाळ झाली होती की टाचणी उचलेना. खालच्या फळीवर विज्ञानाची पुस्तकं होती. ती मात्र कोणीतरी चाळली होती. वाळवीनं.

गुरुजींना विचारलं, "हे पोरायच्या हातात काहून देत नाही?" त्यांनी उत्तरादाखल डेडस्टॉकचं, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदीचं, रजिस्टर पुढे सरकवलं. वस्तू, नग, किंमत, शेरा. लोलक फुटला की खुलासा, पुस्तक फाटलं की खुलासा. बदली झाली की चार्ज देताना एकेक नग मोजायचा आणि कमी भरला तर खिशात हात घालायचा. म्हणाले, "कपाटात सडलं तर कोणी विचारत नाही, पोरांनी फोडलं तर मी अडकतो." मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही कुलूपच लावलं असतं.

वर्षातून एकदा कपाट उघडतं, 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी. टेबलावर चादर, सूक्ष्मदर्शकाला हार, पाहुण्यांचं भाषण, फोटो. पोरं हाताची घडी घालून लांब बसलेली. संध्याकाळी पुन्हा कुलूप.

आता एक कबुली. त्या दिवशी वाळवीच्या तावडीतून सुटलेलं एक पुस्तक मी कोणाला न विचारता पिशवीत टाकून घरी आणलं. कीटकांचं होतं. अंडं, अळी, कोष, पतंग अशी चित्रं. मुलीनं ते इतक्यांदा वाचलं की दिवाळीच्या सुमारास ती वावरातून एक किडकं बोंड घेऊन आली, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकलं आणि तोंडाला फडकं बांधलं. गुलाबी अळी बोंडाबाहेर आली, कोषात गेली आणि काही दिवसांनी फडक्याखाली करडा, नखाएवढा पतंग फडफडत होता. मी वीस वर्षं पऱ्हाटी लावतो. डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुलं) वेचल्या, औषधं मारली, कर्ज काढलं, पण अळीचा पतंग होताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मग प्रश्नांची रांग लागली. अळी बोंडाच्या आत आणि फवारा बाहेरून, तर ती मरणार कशी? कामगंध सापळ्यात नरच काहून सापडतात? (त्यातल्या गोळीला मादीचा गंध असतो, म्हणून. हेही मला तिच्याचकडून कळलं.) कृषी सहायकांनी सांगितलं होतं, एका सापळ्यात सलग 3 दिवस रोज 8 पतंग आले तर उपाय करायची वेळ आली. ती सकाळी शाळेआधी जाऊन पतंग मोजायची आणि वहीत आकडे मांडायची. या हंगामात मी फवारणी केली ती त्या वहीकडे बघून. शेजारच्यानं पंप उचलला म्हणून मी उचलला नाही.

2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. विष श्वासातून जातं तसं घामानं भिजलेल्या कातडीतूनही जातं, औषधाच्या डब्यावरच्या चौकोनातला लाल रंग सगळ्यात जहाल आणि हिरवा सगळ्यात सौम्य, एवढं सातवीच्या पोराला उमगलं असेल तर ते बापाचा हात धरू शकतं. आमच्याकडे विज्ञान हे असं घरात येतं.

आणि सगळ्याच गोष्टींना कपाट लागत नाही. आमच्याकडे मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जमिनीत रोवलेल्या काठीची सावली नाहीशी होते. दिल्ली कर्कवृत्ताच्या पार उत्तरेला आहे, तिथे ही दुपार कधीच येत नाही. साहित्य एक काठी, खर्च शून्य. पण तेव्हा शाळेला सुट्टी असते, आणि जुलैत ती वेळ पुन्हा येते तेव्हा आभाळ भरलेलं असतं. त्यावर आपण तरी काय करणार!

शेजारच्या वर्ध्यात 1937 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हातानं काम करत शिकायची नई तालीम तिथून पुढे आली. टकळी फिरवता फिरवता पोरानं सूत मोजावं, पीळ समजून घ्यावा. टकळी मोडली तर तेव्हा खुलासा मागत होते का, कोण जाणे.

माझी मागणी एका पानाच्या शासन निर्णयाची आहे. मुलांच्या वापरात जे फुटेल, झिजेल, फाटेल, त्याचं निर्लेखन, म्हणजे रजिस्टरातून नाव कमी करणं, व्यवस्थापन समितीच्या ठरावानं शाळेतच व्हावं आणि शिक्षकाकडून एक रुपयाही वसूल होऊ नये. पुस्तक घरी नेण्याची मुभा त्यातच लिहावी. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी किती नग शिल्लक आहेत ते मोजण्याआधी वर्षभरात काय काय झिजलं ते विचारावं. ज्या शाळेत काहीच झिजलं नसेल, तिच्याकडून खुलासा घ्यावा.

ते कीटकांचं पुस्तक अजून माझ्या घरी आहे. रजिस्टरात ते कपाटात आहे. पतंगाच्या चित्राचं पान दुमडून दुमडून फाटलं आहे आणि मलपृष्ठावर लोणच्याच्या तेलाचा डाग आहे. गुरुजींना याबद्दल काही विचारू नये. खुलासा हवा असेल तर हे पत्रच खुलासा समजावं.

आपला,
एक पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य
जि. यवतमाळ