मुलांना कामं बघू द्या, दहावीच्या आधी

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

आडगावातल्या माध्यमिक शाळेत मी 17 वर्षं विज्ञान शिकवते. दरवर्षी सहावीला विचारते, मोठेपणी कोण व्हायचंय? पोलीस, मिलिटरी, डॉक्टर, शाळेतल्या बाई. दहावीतही हीच उत्तरं येतात, फक्त डॉक्टर गळालेला असतो. यात मुलांचा दोष नाही. पगाराची कामं त्यांनी पाहिलीत तीच एवढी.

2016 साली दहावीला मुलांची आवड ओळखणारी कल चाचणी आली. पुढे नववी ते बारावीसाठी अभ्यासक्रमांची आणि नोकऱ्यांची माहिती देणारं महाकरिअर पोर्टल आलं. हेतू चांगलाच होता, पण तोवर उशीर झालेला असतो. अकरावीला पोरीला एसटीने इतक्या लांब कशाला धाडायचं, हे अनेक घरांत आधीच ठरून गेलेलं असतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना 10 दिवस सांगितलेत. सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांकडे जाऊन शिकण्यासाठी. गेल्या वर्षी त्यातल्या एका दिवशी मी मुलांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर मीटिंगला गेले होते, म्हणून आम्ही लॅबमध्ये थांबलो. वर्गात कधी तोंड न उघडणारी सातवीतली एक मुलगी रक्त तपासणाऱ्या ताईंच्या मागेच लागली. हे शिकायला कुठे जावं लागतं? किती वर्षं? तिथे हॉस्टेल असतं का? ताईंनी सगळं सांगितलं, मायक्रोस्कोपमधून पेशी दाखवल्या. परतताना ती म्हणाली, "बाई, मला वाटायचं दवाखान्यात डॉक्टर आणि नर्सच असतात."

बाकीचे दिवस शाळेतच चित्रं काढण्यात आणि खेळात गेले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. मुलांना बाहेर नेल्यावर काही झालं तर जबाबदार कोण, याचं लेखी उत्तरही मिळालं नाही. कार्यानुभवाची, म्हणजे हाताने काम शिकण्याची, तासिका वेळापत्रकात असते, पण दिवाळीनंतर ती गणित-विज्ञानाच्या सरावाला जाते. मीही ती घेतली आहे, आणि त्याची मला खंत आहे.

शाळेतल्या मुलांना खरी कामं शिकवणं आपल्याच राज्यात करून दाखवलेलं आहे. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, शेती, वीजजोडणी स्वतःच्या हातांनी करतात. शिकवायला आसपासचेच कारागीर असतात.

म्हणून मागते ते असं : सहावीपासून कार्यानुभवाची तासिका दुसऱ्या विषयाला देता येणार नाही, असा स्पष्ट आदेश काढा. दप्तराविना दिवसांसाठी प्रवासखर्च आणि विमा द्या. आसपासच्या शाळांच्या प्रत्येक केंद्रात एका शिक्षकाला या कामाचं प्रशिक्षण द्या आणि त्याच्यावरचा ऑनलाइन माहिती भरण्याचा बोजा काढा. पालकांनाही या भेटींना बोलवा, कारण निर्णय त्यांच्या हातात असतो.

ती मुलगी आता आठवीत आहे. पुढच्या शनिवारी तिच्या आईला शाळेत बोलावलंय, लॅबच्या ताईही येणार आहेत. त्यांचं येण्याजाण्याचं भाडं यंदा मी देते. पुढच्या वर्षी ते शासनाने द्यावं.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका