तेरावा झाल्यावर वजनकाटा मागणाऱ्या सरकारला : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदया,
महिला व बालविकास विभाग, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

माझ्या सासूबाई गेल्या महिन्यात वारल्या. वय 74. 1983 साली आमच्या गावात अंगणवाडी सुरू झाली तेव्हापासून 2016 पर्यंत, म्हणजे 33 वर्षं, त्या तिथे सेविका होत्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पोस्टमनने त्यांच्या नावाचं एक पत्र आणून दिलं. तालुक्याच्या कार्यालयातून आलेलं. निवृत्तीनंतर सेविकेला जी 1 लाख रुपयांची एकरकमी मदत मिळते, तिच्या त्यांच्या प्रस्तावात त्रुटी आहे असं त्यात लिहिलंय. खाली यादी आहे: सॉल्टर वजनकाटा 1, उंची मोजण्याची पट्टी 1, मोठी पातेली 2, सतरंजी 1. हे साहित्य जमा केल्याची पावती जोडावी, नाहीतर किंमत लाभाच्या रकमेतून कापली जाईल. निवृत्त होऊन नऊ वर्षं उलटून गेली आणि पातेल्यांची आठवण आता झाली!

मी हे पत्र शिस्तीत लिहायचं ठरवलं होतं. बघू किती जमतं.

आधी त्या साहित्याचं सांगते, कारण तुमच्या कार्यालयातल्या कुणी ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही. वजनकाटा देवळासमोरच्या लिंबाच्या फांदीला दोरीने बांधलेला असायचा. त्याला खाली कापडी चड्डी अडकवलेली. आई (मी सासूबाईंना आईच म्हणायचे) पोराला त्या चड्डीत बसवायच्या, पोर लटकून भोकांड पसरायचं आणि त्या एका हाताने त्याचा पाय धरून दुसऱ्या हाताने काट्याची सुई स्थिर व्हायची वाट बघायच्या. चड्ड्या फाटायच्या. आई जुन्या लुगड्याचा पदर फाडून नवी शिवायच्या. काट्याची स्प्रिंग सैल झाली तेव्हा त्यांनी लेखी कळवलं होतं, त्या अर्जाची पोच आजही माझ्याकडे आहे. नवा काटा मिळेपर्यंत दुकानदाराच्या तराजूत मुलं मोजली. सरकारने दिलेली पातेली बुडाला भोक पडून कधीच गेली, त्यानंतर खिचडी शिजली ती त्यांच्या माहेरून आलेल्या पातेल्यात. सतरंजी त्यांचीच होती. म्हणजे हिशेब करायचाच असेल तर येणं आमचं निघतं, बाईसाहेब.

आता त्या कोण होत्या ते ऐका.

सातवी शिकलेल्या. तेव्हा मॅट्रिक न झालेल्या सेविकेला महिन्याला सव्वाशे रुपये मिळत. गावात म्हणायचे, सव्वाशे रुपयांसाठी ही बाई दारोदार फिरते. मांगवाड्यातली आणि पारधी वस्तीवरची पोरं अंगणवाडीत आमच्या पोरांशेजारी बसली म्हणून पहिल्या वर्षी अर्ध्या गावाने मुलं पाठवली नाहीत. आईंनी वाद घातला नाही. रोज सकाळी त्या त्या घरासमोर जाऊन उभ्या राहायच्या, पोराला हाक मारायच्या आणि हात धरून घेऊन यायच्या. दुसऱ्या वर्षी सगळी एका ओळीत जेवायला बसली. हे कुठल्या रजिस्टरमध्ये लिहायचं?

पहिल्या बाळंतपणाला पोरगी माहेरी आली की आईंना आधी कळायचं, मग शेजाऱ्यांना. गोळ्या घेतल्या का, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का, उपकेंद्रात नाव लावलं का. एका रात्री पुलावरून पाणी चाललेलं असताना एका बाईला बैलगाडीतून पलीकडे नेलं, आणि गाडीच्या मागे कमरेएवढ्या पाण्यात कंदील धरून आई चालल्या. ती मुलगी जन्मली, शिकली, आज जिल्ह्याच्या ठिकाणी नर्स आहे. आईंच्या अंत्ययात्रेला ड्यूटी बदलून आली होती.

पल्स पोलिओ 1995 ला सुरू झाला. तेव्हा डोस पाजला की पोरगं पुढे बाप होत नाही अशी अफवा वस्तीवर पसरली. आई स्वतःच्या नातवाला, म्हणजे माझ्या थोरल्या दिराच्या मुलाला, कडेवर घेऊन गेल्या आणि सगळ्यांसमोर आधी त्याला दोन थेंब पाजले. 2014 च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. दिल्लीत सत्कार झाले असतील. आमच्या आई त्या दिवशी घरोघर वजन घेत होत्या.

अंगणवाडीच्या भिंतीवर त्यांनी अनुताई वाघांचा फोटो लावला होता, पेपरातून कापून, खळीने चिकटवलेला. वर्षाला एकदा त्या तो पुसायच्या. मोरगावात 1910 साली जन्मलेली ती मुलगी, तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत विधवा. पुढे शिकून शिक्षिका झाली, 1945 मध्ये बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आली, नंतर कोसबाडच्या टेकडीवर गेली आणि वारली आदिवासींची पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. सरकारने 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे अंगणवाड्यांची योजना, सुरू केली, आपल्याकडे मेळघाटातल्या धारणीपासून, तेव्हा अंगणातल्या शाळेची ती वाट कोसबाडच्या बायकांनी आधीच पाडून ठेवलेली होती. अनुताई 1992 मध्ये, 82 वर्षांच्या होऊन गेल्या. 1985 ला त्यांना पद्मश्री मिळाली होती. आई म्हणायच्या, अनुताईंनी आपलं सगळं आयुष्य पोरांना दिलं, आपण निदान सकाळ तरी देऊ. प्रत्यक्षात त्यांनीही सगळंच दिलं.

आणि सरकारने काय दिलं? निवृत्त झाल्या तेव्हा मानधन 5,000 रुपये होतं. निवृत्तीनंतर पेन्शन शून्य. ग्रॅच्युइटी शून्य. 1 लाख मिळणार होते, त्यासाठी आधी रुजू झाल्याची तारीख दोन कागदांवर वेगळी निघाली, मग मूळ नियुक्ती आदेश मागितला, मग बँकेचं पासबुक बदललं म्हणून प्रस्ताव परत, मग साहेब बदलले. गुडघे गेलेली बाई एस.टी.च्या फलाटावर बसून राहायची. शेवटची दोन वर्षं त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या रोज लागायच्या. त्या अर्धी गोळी घ्यायच्या, पाकीट दुप्पट दिवस पुरावं म्हणून. मला हे त्यांच्या उशीखाली सापडलेल्या तुकड्यांवरून कळलं. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईला एकही गोळी चुकवू नको म्हणून दरडावणारी ही बाई!

तुम्ही म्हणाल, नियमात बसत नाही. 25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या सेविकांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली येतात. देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाचा निकाल आहे तो. त्यानंतर किती जणींच्या हातात चेक पडला? डिसेंबर 2023 मध्ये आम्ही संपावर गेलो ते 52 दिवस. थंडीत आझाद मैदानावर साठीच्या बायका जमिनीवर झोपल्या. पेन्शन-ग्रॅच्युइटीचं बघू, प्रस्ताव आणू, या आश्वासनावर जानेवारीत उठलो. त्या वेळी आई घरी टीव्हीसमोर बसून मला फोनवर विचारायच्या, काय झालं गं? मी सांगितलं, आई, आता मिळेल. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि मी तुमच्या.

हो, मीही सेविका आहे, 2010 पासून. त्यामुळे हे माझंही पत्र आहे. आमच्याकडून काय काय करून घेता ते एकदा एका दमात म्हणून बघा: आहार, वजन, लसीकरण, गृहभेटी, पूर्वशालेय शिक्षण, मतदार यादी, सर्वेक्षण. 2021 मध्ये सगळी माहिती फोनवर भरायचं पोषण ट्रॅकर ॲप आलं. दिलेले फोन इतके निकृष्ट होते की राज्यभरातल्या बायकांनी ते कार्यालयांत परत नेऊन टाकले. मग स्वतःच्या फोनवर काम करा म्हणालात. 2025 च्या जुलैपासून घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटासाठी बाळाच्या आईचा चेहरा स्कॅन करायचा. ऊसतोडीला गेलेली आई कुठून आणू? आमच्या वस्तीवर रेंज नाही, म्हणून मी बाळंतिणीला पोर कडेवर घेऊन टेकाडावर चढवते, चेहरा जुळेपर्यंत उन्हात उभं करते. ती माझ्याकडे बघते ते तुम्ही एकदा येऊन बघा. पाकीट नाही दिलं तर मी वाईट, स्कॅन न करता दिलं तर मी चोर.

आणि लाडकी बहीण! 2024 च्या पावसाळ्यात रात्री बारा-बारा वाजेपर्यंत फॉर्म भरले आम्ही. फॉर्ममागे 50 रुपये देणार होतात. पुढच्या वर्षी त्याच बहिणींच्या दारात पडताळणीला आम्हालाच पाठवलं. शिव्या आम्ही खाल्ल्या, बॅनरवर फोटो तुमचे. 33 वर्षं गाव सांभाळलेली बाई कुणाची बहीण नव्हती का?

एकदा निवडून आलेल्या आमदाराला या राज्यात महिन्याला 50,000 रुपये निवृत्तिवेतन मिळतं. एकच टर्म पुरते. पुढच्या प्रत्येक वर्षाला आणखी 2,000. तो ठराव सभागृहात यायला कधी 52 दिवस उपाशी बसावं लागलं का कुणाला? आमदाराला कधी विचारलं का, विधानभवनातली खुर्ची जमा केल्याची पावती कुठे आहे? त्या 50,000 मध्ये आमच्या आईंसारख्या दहा जणींना महिना 5,000 मिळाले असते आणि दहा जणींनी पूर्ण गोळी घेतली असती. पैसा नाही हे कारण आता सांगू नका. पैसा आहे. आमच्यासाठी नाही.

सरकारच्याच 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली आणि 36 टक्के कमी वजनाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 ला होतं जवळजवळ तेच पुढच्या खेपेला निघालं. दर वेळी आकडा आला की बैठक होते आणि खापर सेविकेवर फुटतं: वजन नीट घेतलं नाही, माहिती नीट भरली नाही. मोजणाऱ्या बाईला दमात घेऊन पोराचं वजन वाढत नाही. तिला आहाराची बिलं आणि वजनकाटा वेळेवर द्या, मदतनीसांच्या रिकाम्या जागा भरा. मदतनीस नसेल तर सकाळी झाडून काढणारी, पाणी भरणारी, खिचडी ढवळणारी आणि गाणी म्हणणारी एकच बाई असते, आणि तीच दुपारी फोनवर फोटो अपलोड करत बसते. शिकवायचं कधी?

कार्यालयातल्या ज्या बाबूने हे पत्र टाइप केलं त्याच्यावर माझा राग नाही. त्याला वरून यादी आली असेल, वरच्याला आणखी वरून. या खात्यात कुणीच काही ठरवत नाही, तरी सगळं आमच्या विरुद्धच ठरतं. लेखापरीक्षकाला पातेल्याचा हिशेब लागतो, कारण पातेलं कागदावर आहे. बाईची 33 वर्षं कुठल्याच कागदावर नाहीत.

माझ्या मागण्या लिहिते. आईंचे 1 लाख, विलंबाच्या व्याजासह, वारसांना द्या आणि साहित्याची वसुली लेखी रद्द करा. ही रक्कम आम्ही घरात ठेवणार नाही, अंगणवाडीला पक्कं छप्पर आणि नळ करायला देणार आहोत; आमचं घरात तसं ठरलंय. निवृत्त झालेल्या आणि प्रस्ताव अडकलेल्या सेविका-मदतनीसांची तालुकावार यादी काढा आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, लाभार्थ्यांची लावता तशी. त्यात किती जणी हयात आहेत ते वेगळ्या रकान्यात लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे ग्रॅच्युइटीचा आदेश काढा. मासिक पेन्शनचा निर्णय येत्या अधिवेशनात सभागृहात मांडा, बाहेर पत्रकारांसमोर नको. आणि रेंज नसलेल्या वस्त्यांवर चेहरा स्कॅनची सक्ती आजपासून थांबवा.

माझं नाव, केंद्र क्रमांक आणि आईंच्या प्रस्तावाची प्रत वेगळ्या टपालाने पाठवली आहे. मला कारणे दाखवा नोटीस येईल असं मैत्रिणी म्हणतात. येऊ द्या, उत्तर तयार आहे. तुमचं उत्तर मात्र कागदावर हवं, सहीशिक्क्याचं. फोनवर "बघते" म्हणू नका, ते आईंनी खूप ऐकलं.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, आणि एका सेविकेची सून