नीलंपेरूरला जाऊन ये

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, "बाबा, इथं शाळेतली पोरं फलक घेऊन रस्त्यानं चालली होती. वायनादिनम म्हणे, वाचनदिन. हे पणिक्कर कोण?" मी म्हटलं, "खेड्यातले शिक्षक होते, ग्रंथालयवाले." तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली आणि मी फोन ठेवला. रात्री झोप लागेना. शिक्षकीच्या सगळ्या वर्षांत ज्या माणसाला मी मनाशी धरून होतो, त्याची ओळख पोटच्या पोरीला चार शब्दांत करून दिली, हे टोचत राहिलं. म्हणून हे पत्र.

तुझी बदली केरळात, चंगनाश्शेरीच्या शाखेत झाली तेव्हा आईला तुझ्या जेवणाचा घोर लागला होता. मी मात्र नकाशा उघडून बसलो होतो. नीलंपेरूर तिथून जवळ आहे. कुट्टनाडातलं गाव, भाताचं आणि पाण्याचं. तिथली शेतं समुद्रसपाटीच्याही खाली आहेत, बांध घालून पाणी उपसायचं आणि मग लावण करायची. आपल्याकडं बैलगाडी तशी तिथं होडी. त्या गावात १ मार्च १९०९ ला पुतुवायिल नारायण पणिक्कर जन्मले. पुढं गावच्याच शाळेत मास्तर झाले आणि १९२६ मध्ये सनातनधर्मम नावाचं वाचनालय सुरू केलं. वय वर्षं सतरा! घरोघर फिरून पुस्तकं गोळा केली, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. मला ते अगदी पटतं, कारण खेड्यातलं वाचनालय दुसऱ्या कुठल्या रीतीनं सुरूच होत नाही. आपल्या गावच्या वाचनालयाचंही असंच झालं होतं. चार घरांच्या फडताळांतली पुस्तकं, देवळाच्या ओवरीतलं एक कपाट आणि दाखल नोंदवही म्हणून शाळेची कोरी वही.

पण अशी वाचनालयं पुष्कळांनी काढली. पणिक्करांचं वेगळेपण पुढं आहे.

नंतर ते अंबलप्पुळ्याला शिक्षक होते. तिथं पी. के. मेमोरियल ग्रंथशाळेत सप्टेंबर १९४५ मध्ये त्यांनी त्रावणकोर संस्थानातल्या ४७ ग्रंथालयांना एकत्र बोलावलं. त्यातून ग्रंथशाला संघ उभा राहिला. संस्थानचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर उद्घाटनाला होते. सरकारनं महिन्याला २५० रुपये मंजूर केले, आणि संघाचं काम बघता यावं म्हणून पणिक्करांची नेमणूक तिरुवनंतपुरमच्या शाळेत झाली. म्हणजे बघ, मास्तरकी सुटली नव्हती.

आपल्याकडच्या माणसाला ग्रंथालय चळवळ म्हटलं की बडोदा आठवतं, आणि आठवायलाच हवं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, गावोगाव वाचनालयं काढली, फिरत्या ग्रंथपेट्या पाठवल्या. ते थोर काम होतं, पण तिथं हुकूम राजाचा होता आणि तिजोरीही राजाची. इथं एक शिक्षक आधीपासून धडपडणाऱ्या वाचनालयांकडं गेला, त्यांच्या पडवीत बसला आणि म्हणाला, आपण एकत्र येऊ. मला हे जास्त अवघड वाटतं. प्रत्येक गावच्या चिटणीसाला आपलंच कपाट मोठं वाटत असतं, आपली वही दुसऱ्याला दाखवायला तो राजी नसतो. मी चिटणीस होतो, मला माहीत आहे.

केरळ राज्य झालं, त्रावणकोरचा संघ केरळ ग्रंथशाला संघ झाला, आणि ४७ चा आकडा वाढत वाढत सहा हजारांच्या घरात गेला. १९७५ मध्ये संघाला युनेस्कोचा क्रुप्स्काया पुरस्कार मिळाला. लक्षात घे, तो पुरस्कार साक्षरतेच्या कामाचा होता. ग्रंथालयांना साक्षरतेचा पुरस्कार का, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ते मला गावच्या रेशन दुकानात समजलं.

तुझ्या जन्माआधीची गोष्ट. माझ्या वर्गातली एक मुलगी, पुस्तकातला धडा घडाघडा वाचायची, कविता तोंडपाठ. चौथी झाली आणि शाळा सुटली. दहाएक वर्षांनी माहेरपणाला आली होती तेव्हा रेशनच्या रांगेत भेटली. दुकानदारानं वही पुढं केली आणि तिनं अंगठा शाईत बुडवला. मी म्हटलं, "अगं, तुला सही येते की." ती म्हणाली, "गुरुजी, आता नाही येत. घरात कागूदच नाही वाचायला." मी मान खाली घालून घरी आलो. चार वर्षं मी तिला शिकवलं होतं, आणि पुढची दहा वर्षं तिच्या हातात एक ओळ पडली नव्हती.

पणिक्करांना हे मुळापासून कळलं होतं. अक्षर शिकवणारा आणि पुस्तक पुरवणारा असे दोघे वेगळे धरले की शिकवलेलं वाहून जातं. त्यांनी ही दोन कामं कधी वेगळी धरलीच नाहीत. पारश्शालापासून कासरगोडपर्यंत, म्हणजे केरळच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, त्यांनी पदयात्रा काढली. घोषणा होती "वायिच्चु वळरुका", वाचा आणि वाढा. तू तिथं मल्याळम शिकते आहेस, उच्चार चुकला असेल तर कळव.

आता मला त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं वाटतं ते सांगतो. संघाचं चिटणीसपद त्यांनी ३२ वर्षं सांभाळलं. १९७७ मध्ये संघ सरकारनं आपल्या ताब्यात घेतला. पणिक्कर तेव्हा ६८ वर्षांचे होते. स्वतः वाढवलेली संस्था हातातून जाणं म्हणजे काय असतं? मी निवृत्त झालो त्या दिवशी शाळेच्या किल्ल्या देताना माझे हात कापले होते, आणि ती शाळा काही मी बांधलेली नव्हती. हे गृहस्थ त्याच वर्षी पुन्हा शून्यापासून उभे राहिले. कानफेड नावाची संस्था काढली, अनौपचारिक शिक्षणाची, मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायची. सतराव्या वर्षी वर्तमानपत्र ज्यांना वाचून दाखवलं, त्यांच्याकडंच ते परत गेले.

१८ एप्रिल १९९१ ला कोळिकोडच्या मानांचिरा मैदानावर केरळ पूर्ण साक्षर झाल्याचं जाहीर झालं. कुणा मंत्र्याऐवजी ते जाहीर केलं चेलक्कोडन आयेशा यांनी. त्या मोठेपणी, साक्षरता वर्गात अक्षरं शिकल्या होत्या. पणिक्कर त्या दिवशी ८२ वर्षांचे होते. त्या कामात हजारो स्वयंसेवक होते, सगळं श्रेय एकाला देऊ नये. तरी ६५ वर्षं त्या दिवसाची वाट चाललेला माणूस तो दिवस बघायला हयात होता, याचा मला फार आनंद आहे. १९ जून १९९५ ला ते गेले. पुढच्या वर्षापासून केरळ तो दिवस वाचनदिन म्हणून पाळतं. राज्याचा वाचनदिन कुणा महाकवीच्या नावानं नाही, एका खेड्यातल्या मास्तरच्या नावानं आहे. तू रस्त्यावर पाहिलेली पोरं त्यासाठी चालली होती.

बाळ, आपल्या वाचनालयाबद्दल एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. मी रोज संध्याकाळी पाच ते आठ दार उघडून बसायचो. एक दिवस चुकवला नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. पण मी बसायचो. बायका यायच्या नाहीत. पोराच्या हाती चिठ्ठी यायची, "काहीतरी वाचायला द्या." मी काहीतरी द्यायचो. त्या पुस्तकाचं काय झालं, आणखी कुणाला हवंय, हे विचारायला मी कुणाच्या दारात गेलो नाही. ती रेशनच्या रांगेतली मुलगी माहेरी आली तेव्हा तिचं घर वाचनालयापासून हाकेच्या अंतरावर होतं. शंभर पावलं चालायची होती.

२०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी वाचनालयात आलं ते तुला ठाऊक आहे. खालचे तीन कप्पे गेले, पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली. "आता मोबाइलवर सगळं मिळतं, कशाला परत मांडता?" असं मला एकानं तोंडावर विचारलं. मी गप्प बसलो. पण पाणी ओसरल्यावर आठवड्याभरात लोक घरी नेलेली पुस्तकं घेऊन येऊ लागले. एका आजींनी चुलीपाशी वाळवलेलं पुस्तक आणलं, धुरानं पिवळं झालेलं. म्हणाल्या, "मालकांनी नेलं होतं, ते तर गेले, हे तुमचं." आणि जाताना दुसरं मागितलं. त्या दिवसापासून मी पिशवी घेऊन फिरायला लागलो. सोमवारी वरची आळी, गुरुवारी मळा. गुडघे दुखतात, तरी जातो. आजींना ठसठशीत अक्षरं लागतात, सुनेला पाककृती नको असते, तिला प्रवासवर्णनं हवी असतात. चाळीस वर्षं बसून जे कळलं नव्हतं ते आता कळतं आहे.

कुट्टनाडातही २०१८ मध्ये असंच पाणी शिरलं होतं. म्हणून तुला एक काम सांगतो. सुट्टीच्या दिवशी नीलंपेरूरला जा. वाचनालयात बसणाऱ्या माणसाला आदरानं विचार, भिजलेल्या पुस्तकांचं काय केलंत? बाइंडिंगच्या खळीत काय घालता, आमच्याकडं मोरचूद घालतात तरी कसर लागते. घरोघर पुस्तक कोण नेतं, आणि परत आणायला किती दिवस देता? परवानगी दिली तर त्यांच्या देवघेव नोंदवहीच्या एका पानाचा फोटो काढ. मल्याळम मला वाचता येणार नाही. पण तारखा आणि आकडे वाचता येतील, आणि कुठल्या रकान्यात काय लिहितात ते मला बघायचं आहे.

आई बरी आहे. तुझ्यासाठी मेतकूट आणि तिळाची चटणी पाठवते आहे. पावसाचं जपून राहा.

तुझे बाबा