आधी विचारा, मग द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘भीक देऊ नका, अन्न द्या’ असा आग्रह धरणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. रोख दिली की दारूत जाते, अन्न दिले की पोटात जाते, असे त्यात म्हटले होते. लिहिणारे स्वतः दर शनिवारी जेवणाची पाकिटे वाटतात. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच हे लिहिते आहे. मी परळला बावीस वर्षे पोळी-भाजी केंद्र चालवते. अन्नावरच माझे घर चालते. तरीही माझे म्हणणे असे की, फुटपाथवरच्या माणसाला बहुतेक वेळा जेवणापेक्षा पैशाची नड जास्त असते.

आमच्याकडे टाटा, केईएम आणि वाडिया ही रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत. देशभरातून माणसे येतात. केमो, रेडिएशन आठवडेच्या आठवडे चालते, आणि तेवढे दिवस राहायचे कुठे? दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणखीही काही आहेत, तिथे माफक पैशांत सोय होते. पण नंबर लागेपर्यंत जेरबाई वाडिया रस्त्याचा फुटपाथ, नाहीतर हिंदमाताचा पूल. गावी यांची घरे असतात, थोडीफार शेतीही असते. मुंबईत मात्र ते बेघर. त्यांच्या शेजारी वर्षानुवर्षे रस्त्यावरच संसार केलेली कुटुंबे असतात: कोणी भंगार वेचणारे, कोणी गजरे विकणारे, कोणी लग्नसराईत वाढपी म्हणून जाणारे. येणारा-जाणारा सगळ्यांना एकच नाव देतो, भिकारी.

दोन वर्षांपूर्वी यवतमाळकडचे एक जोडपे आमच्या केंद्रासमोरच्या फुटपाथवर होते. नवऱ्याच्या गालाचे ऑपरेशन झालेले, नाकातून नळी घातलेली. तोंडाने पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. जे द्यायचे ते पातळ करून, गाळून, सिरिंजने नळीतून, दर दोन-अडीच तासांनी. एका शनिवारी संध्याकाळी तासाभरात तीन मंडळे येऊन गेली. एकाची पुरी-भाजी, एकाचा मसालेभात, एकाचे बुंदीचे पुडे. बाईंच्या शेजारी सात पाकिटे रचलेली मी पाहिली. थोड्या वेळाने त्या त्यातलाच भात स्टीलच्या डब्यात घेऊन केंद्राच्या पायरीशी आल्या. म्हणाल्या, “ताई, मिक्सर आहे का हो तुमच्याकडं? एवढं फिरवून देता का? पैसे घ्या.” मुठीत दहाची दोन नाणी होती.

तो भात तिखट-मिठाचा, लाल तवंगाचा. तो त्या माणसाच्या नळीतून कसा जाणार? मी साधे वरण-भात फिरवून, दोनदा गाळून दिले. मग विचारले, “एवढी पाकिटं घेता कशाला?” त्या म्हणाल्या, “नको म्हटलं तर माणसं नाराज होतात. उद्या खरंच लागलं तर देणार नाहीत.” हे उत्तर मी विसरलेले नाही. घेणाऱ्याला ‘नको’ म्हणायचीही सोय आपण ठेवलेली नाही.

त्या बाईंना त्या दिवशी हवे होते दूध, दोन केळी, औषधाच्या दुकानातली एक नवी सिरिंज आणि मिक्सर फिरवून देणारे कोणीतरी. यातले काहीही पाकिटात येत नाही. पन्नास रुपयांच्या नोटेत यातले बरेचसे येते.

वाटपाचेही वार ठरलेले आहेत. शनिवार मारुतीचा, गुरुवार साईबाबांचा, शिवाय अमावस्या, सर्वपित्री, कोणाचा वाढदिवस, कोणाचे वर्षश्राद्ध. त्या दिवशी रात्री नऊनंतर आमच्या फुटपाथवर उरलेल्या भाताचे ढीग लागतात, त्याला वास येतो, उंदीर-घुशी येतात, आणि सकाळी सफाई कामगारांच्या शिव्या खायच्या त्या तिथे झोपणाऱ्यांनीच. सोमवारी सकाळी सात वाजता मात्र कोणी चहा-पाव घेऊन आलेले मी पाहिलेले नाही. पोट वार बघून भुकेजत नाही.

आता खर्चाचे बघा. लोकांना वाटते, रस्त्यावर राहणाऱ्याला कसला आला आहे खर्च? आमच्या भागातल्या पैसे देऊन वापरायच्या शौचालयात एका वेळचे पाच रुपये, आंघोळीचे वीस. तिघांचे कुटुंब, प्रत्येकी दिवसातून दोनदा शौचाला आणि एकदा आंघोळीला जाणार, म्हणजे दिवसाचे नव्वद. महिन्याचे 2,700 रुपये, आणि अजून अन्नाचा कणही पोटात गेलेला नाही. कपडे धुणे वेगळे. पानटपरीवर मोबाइल चार्ज करायचे वेगळे, आणि तो बंद पडून चालत नाही, कारण गावाकडून पैसे त्यावरच येतात. बायका दुपारनंतर पाणी पिणे सोडतात, म्हणजे रात्री उठावे लागत नाही. हे मला त्यांच्याच तोंडून कळले. बाईच्या हातात पाळीच्या दिवसांत पुरी-भाजीचे पाकीट ठेवणाऱ्याने क्षणभर तिच्या जागी उभे राहून पाहावे.

दारूबद्दल. पितात, काही जण पितात. रात्रभर डास, गाड्यांचे आवाज आणि कधी कोण उठवील ही धास्ती, यात झोप यावी म्हणून पिणारेही मी पाहिले आहेत. त्याचे समर्थन मी करत नाही. पण दहातल्या दोघांच्या भीतीने उरलेल्या आठांच्या हातावर कधी पैसाच ठेवायचा नाही, हा न्याय मला पटत नाही. आपल्याकडे कामाला येणाऱ्या माणसाचा पगार आपण गहू-तांदळात देतो का?

हे मी इतक्या पोटतिडकीने लिहिते, त्याला कारण आहे. मी गिरणगावातली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात माझे वडील होते. गावाहून चुलते ज्वारीची पोती पाठवायचे, त्यामुळे आम्ही उपाशी राहिलो नाही. पण स्टोव्हला रॉकेल नव्हते. दळायला पैसे नव्हते. धाकट्या भावाला कावीळ झाली तेव्हा घरात ज्वारीचे पोते भिंतीला टेकून उभे होते आणि औषधाला रुपये नव्हते. आईने मंगळसूत्रातल्या वाट्या मोडल्या. त्या वेळी कोणी आणखी एक पोते आणून दिले असते तर आम्ही हातच जोडले असते, पण ते पाहून आईच्या डोळ्यांत पाणीच आले असते. याच वस्तीत प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून खाणावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. ज्या बायका दुसऱ्यांना रोज जेवू घालत होत्या, त्यांची अडचण पैशाची होती, हे त्यांनी ओळखले.

सरकारचे म्हणाल, तर 1959 चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात अजून आहे. उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि माणूस भटकतो आहे, एवढ्यावरही त्यात पकडता येते, आणि पहिल्यांदाच एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्यातल्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. आपल्याकडे तसे झालेले नाही. दुसरीकडे, मोठ्या शहरांत एक लाख लोकवस्तीमागे एक रात्रंदिवस उघडा निवारा हवा, हे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलेले आहे. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. त्याच्या जवळपासही आपण पोचलेलो नाही. धरपकडीला कायदा आहे, आसऱ्याला जागा नाही.

गाडगेबाबांच्या दशसूत्रीची पाटी आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचली आहे. भुकेलेल्यांना अन्न ही तिची सुरुवात. पुढे तहानलेल्यांना पाणी आहे, उघड्यानागड्यांना वस्त्र आहे, बेघरांना आसरा, रोग्यांना औषधोपचार, बेकारांना रोजगार आहे. बाबा स्वतः फुटके गाडगे घेऊन रस्त्यावर राहिले आणि त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला इतरांसाठी धर्मशाळा बांधल्या. माणसाला किती परींनी नड असते, हे त्यांना ठाऊक होते. आपण पहिल्या ओळीपाशीच थांबलो आहोत, कारण ती सोपी आहे, आणि तिचा फोटोही छान येतो.

अन्न वाटू नका, असे मी म्हणत नाही. ज्या दिवशी पोटात काही नाही, त्या दिवशी पोळीसारखे दुसरे काही नाही. पण जवळ बसा, नाव विचारा, काय हवे ते विचारा, आणि पैसे मागितले तर जमतील तेवढे द्या, हिशेब मागू नका. पालिकेला एवढेच सांगणे आहे की, रुग्णालयाचा केसपेपर दाखवणाऱ्या रुग्णाला आणि त्याच्या सोबतच्या माणसाला शौचालय व न्हाणीघर फुकट करावे. त्याला नवी इमारत लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

आमच्या केंद्रात आता दुसरा मिक्सर आहे. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत कोणीही डबा घेऊन यावे, आम्ही फिरवून, गाळून देतो, पैसे घेत नाही. शनिवारी आमच्या फुटपाथवर येणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे: निघण्याआधी केंद्रावर एक निरोप द्या. त्या दिवशी किती पाकिटे लागतील, किती जणांना नळी आहे, कोणाला दूध हवे आणि कोणाला गावी जायच्या तिकिटाचे पैसे कमी पडत आहेत, ते मी आधी विचारून ठेवीन.

आपली नम्र,
पोळी-भाजी केंद्र चालवणारी एक वाचक, परळ, मुंबई